फियाटचा काटा आणि बद्रुन्निसा आपा

बद्रुन्निसा आपाशी माझी पहिली भेट भांडणाची झाली, आणि त्या भांडणात मी हरले. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. चुकलं तर चुकलं म्हणायचं, हे पोरांच्या गळी उतरवलं, तर आता स्वतःला सूट कशाला देऊ?

मी सत्यशीला. वय अडुसष्ट. नगरहून हिवरे बाजारकडं निघालं की अलीकडं आमचं गाव लागतं. तिथं दोन खोल्यांचं घर मी माझ्या पगारातून बांधलं. मागं शेवगा आहे, पुढं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये माझी फियाट. पंच्याऐंशी सालची, सायीच्या रंगाची. दुसऱ्या हातची घेतली तेव्हा आमच्या गावात बायका सायकलवरसुद्धा बसत नव्हत्या. पारावरची मंडळी म्हणाली, "बाई झाडावर घालती बघ गाडी." झाडं अजून आहेत, गाडी अजून आहे. म्हणणारे बरेचसे वर गेले.

मुलगा रविराज पुण्यात असतो. चांगला आहे पोरगा, तक्रार नाही. पण त्याच्या डोक्यात एकच किडा, आईनं एकटीनं राहू नये. त्याच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून ठेवलेत. मला त्या पडद्यांचंच भ्या वाटतं. आमच्या गावाला एसटी दिवसाला दोन, त्याही त्यांच्या मनात आलं तर. गाडी आहे तोवर दवाखाना, बँक, बाजार सगळं माझं मी करते, वर गावातल्या चार बायकांनाही नेऊन आणते. गाडी गेली की कुणाच्या तरी दुचाकीमागं बसून हिंडायची पाळी, आणि मग पुणं काही टळत नाही. हे त्यालाही कळतं आणि मलाही.

दिवाळीत त्यानं विषय काढलाच. भावकी जमली होती, फराळ चालला होता. म्हणाला, "आई, गाडीला चाळीस वर्षं होत आली. जानेवारीत पासिंग आहे. भंगारात देऊन टाक आणि चल माझ्याबरोबर."

राग आला की माझी जीभ माझ्या पुढं धावते. म्हटलं, "ज्या दिवशी ही गाडी पासिंगला नापास होईल ना, त्या दिवशी ये आणि माझी बॅग भर. त्याच्या आधी या घरात पुण्याचं नाव काढायचं नाही."

सगळ्या भावकीनं ऐकलं. रविराजनं तर मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवली.

आणि जानेवारीच्या आठ तारखेला गाडी नापास झाली.

आधीच्या खेपांना साहेब दिवे बघायचे, हॉर्न वाजवायचे, ब्रेक मारायला लावायचे आणि सही करायचे. या खेपेला सायलेन्सरमध्ये धूर मोजायची नळी घातली. यंत्रावर जो आकडा आला तो बघून साहेबांनी यंत्र बंद करून परत लावलं. आकडा तोच. मग डॅशबोर्डकडं वाकून म्हणाले, "आजी, टेम्परेचरचा काटाही मेलेला दिसतोय. गाडी अर्ध्या तासापासून चालू आहे आणि काटा जागचा हलत नाही. काटा दुरुस्त करा, धूर कमी करा, एकतीस तारखेच्या आत परत आणा. मुदत टळली तर मग मला काही सांगू नका." आजी म्हणाले त्याचा राग वेगळाच.

आता हा काटा काय प्रकार ते सांगते. इंजिन किती तापलंय ते हा काटा दाखवतो. डावीकडं थंड, उजवीकडं गरम, आणि अगदी टोकाला लाल पट्टा. माझा काटा बारा वर्षं डावीकडं चिकटून बसला होता, आणि मला त्याचा कोण अभिमान! उन्हाळ्यात कुणाची गाडी रस्त्याकडेला वाफ सोडत उभी दिसली की मी मुद्दाम थांबून सांगायचे, "माझी बघा. हिला तापणं माहीतच नाही." साहेब म्हणतात काटा मेलाय. मेला तर मेला, नवा बसवू. धुराच्या आकड्याचं मात्र काय करायचं?

तशीच ओंकारच्या गॅरेजला गेले. ओंकार माझ्या हाताखालून गेलेला, चौथीत तीनदा पाढे चुकलेला. त्यानं बोनेट उघडलं, बंद केलं. "बाई, धूर म्हणजे इंजिनचं काम. उतरवावं लागंल, आणि पार्ट मिळायचे न्हाईत. काट्याचं म्हणाल तर मुकुंदनगरला मीटरवाली आपा हाय. पण बाई, लई तिरसट बाई हाय ती."

"असू दे," म्हटलं, "मी तरी कुठं गोड आहे?"

मुकुंदनगरला घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर लाकडी टेबल, टेबलावर भिंग, आणि भिंतीवर पत्र्याची पाटी. पाटीवर दुकानाचं नावगाव काही नाही, नुसतं एक वाक्य होतं. "इथे किलोमीटर मागे केले जात नाहीत." टेबलामागं साठीची एक बारीक बाई, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, हातात चिमटा. तिनं मान वर केली नाही. ओट्याच्या कडेला एक गृहस्थ पेपर वाचत होते. ते तिचे यजमान शमशेरभाई, एसटीचे निवृत्त कंडक्टर. बोलके होते. बसायला स्टूल दिलं आणि मी पाटीकडं बघतेय म्हटल्यावर पाटीची कथाही त्यांनीच सांगितली.

आपाचे वडील लष्कराच्या जुन्या जीपगाड्यांचे मीटर दुरुस्त करायचे. मीटरच्या आत केसाएवढी स्प्रिंग असते. तिन्ही मुलांचे हात जड, स्प्रिंग तुटायची. चौदा वर्षांच्या बद्रुन्निसाच्या हातून तुटली नाही, म्हणून काम तिला शिकवलं. लोकांनी नावं ठेवली. वडील म्हणाले, "नावं ठेवणाऱ्यांनी एक स्प्रिंग बसवून दाखवावी." पुढं तिनं स्टेशन रोडला गॅरेजच्या ओळीत स्वतःचं दुकान टाकलं, वीस वर्षं चालवलं.

मग एकदा जुन्या गाड्यांचा एक एजंट जीप घेऊन आला. मीटरवर एक लाख चाळीस हजार किलोमीटर. म्हणाला, सत्तर कर. तिनं विचारलं, घेणारा कोण? तो म्हणाला, शेवगावचा कुणी मास्तर आहे. ती म्हणाली, "मग मास्तरला घेऊन या. त्याच्या समोर करते." एजंट भडकला. "सगळ्या गावात हेच चालतं, तू काय मोठी लागून गेलीस?" त्याच दुपारी तिनं ही पाटी रंगवून दुकानावर ठोकली. आठ दिवसांत सगळ्या एजंटांनी तिच्याकडं गाड्या पाठवणं बंद केलं. वर्षभरात जागेच्या मालकानं दुकान खाली करायला सांगितलं. तिनं हत्यारं पिशवीत भरली, पाटी उपसली आणि घरी आणून ओट्यावर ठोकली.

"लोक म्हणले, पाटी तरी काढ," शमशेरभाई म्हणाले. "ही म्हणली, दुकान गेलं ते पाटीपायी. आता पाटीबी काढली तर दुकान फुकटच गेलं म्हणायचं."

"झालं तुमचं पुराण?" आपा पहिल्यांदा बोलली. मग माझ्याकडं बघून, "बोला बाई. मास्तरीण हाय ना तुमी?"

"कशावरून?"

"स्टुलावर बसल्या बसल्या पाटीतलं शुद्धलेखन तपासत हुत्या तुमी." शमशेरभाईंनी पेपर तोंडापुढं धरला. ते हसत होते.

मी म्हटलं, "काटा मेलाय. नवा बसवा."

"मेलाय का न्हाई ते मी बघते. जे बिघडलं न्हाई ते मी उघडत न्हाई." असं म्हणून उठली आणि पदर खोचून बोनेटपाशी गेली.

तिचं काम बघत राहावं असं होतं. इंजिनाच्या माथ्यावर पितळेचं एक बोंड असतं. ते पाण्याची उष्णता ओळखतं आणि एका वायरीतून काट्याला कळवतं. आपानं बोंडाची वायर काढली, मला चावी फिरवायला सांगितली आणि वायरीचं टोक क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. मेलेला काटा उठला आणि थेट लाल पट्ट्याकडं निघाला! मी ओरडलेच. तिनं वायर उचलली, काटा परत डावीकडं.

"काटा जिता हाय. वायरबी चांगली. आता बोंड." पान्यानं बोंड सोडवलं. आतून पाणी यायला लागलं तसं भोकात कापडाचा बोळा कोंबला. घरातून स्टोव्ह आला, पातेलं आलं. पातेल्याच्या बुडाला खडूनं फुली मारलेली होती, चहाच्या पातेल्यात मिसळू नये म्हणून. गार पाण्यात बोंड सोडलं, एक वायर काट्याची जोडली, दुसरी गाडीच्या लोखंडाला. स्टोव्हवर पाणी तापत गेलं तसा आत डॅशबोर्डवर काटा चढत गेला. पाणी उकळलं तेव्हा काटा उजव्या टोकाला उभा. मी डोळ्यांनी बघितलं.

तिनं बोंड परत बसवलं, सांडलं तेवढं पाणी भरलं, गाडी सुरू केली आणि वीस मिनिटं चालू ठेवली. काटा डावीकडंच. मग रेडिएटरकडं जाणाऱ्या जाड रबरी नळीवर तिनं माझा हात धरून ठेवला. नळी कोमट होती, न्हाणीतल्या पाण्याएवढी.

"बाई, काटा खरं बोलतोय. तुमचं इंजिनच थंड हाय."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? थंड इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारा चोक बघा, अर्धा ओढलेला. आत ढकलला तर गाडी बंद पडती ना?" पडते. बारा वर्षं पडते. मी चोकच्या दांड्यावर चिमटा लावून ठेवलाय, कपडे वाळत घालायचा. तिनं इंजिन ऑईलचं झाकण काढून माझ्यापुढं धरलं. झाकणाच्या आत पांढुरका थर, ताकावर लोणी यावं तसा. "ही ओल हाय. इंजिन पुरतं तापलंच न्हाई तर ओल जायची कुठं? आन् ओलं सरपण चुलीत घातलं तर काय हुतं?"

"धूर होतो," मी म्हटलं. शाळेतल्या पोरासारखं उत्तर गेलं तोंडातून.

"वॉल काढलाय का कुणी?"

इथं माझी मान ताठ झाली. कारण वॉल मीच काढायला लावला होता. दोन हजार तेराचा मे महिना, दुष्काळाचं साल. चार बायकांना घेऊन शिर्डीला निघाले होते, राहुरीच्या पुढं गाडी उकळली. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅटचा वॉल काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "बाई, हे थंड मुलखातल्या लोकांसाठी असतंय. आपल्या उन्हात याचं काय काम?" मला पटलं. नगरच्या उन्हात कुणाला पटणार नाही? तेव्हापासून गाडी एकदाही तापली नाही. हे सगळं मी आपाला छाती पुढं काढून सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! बाई, ते दार असतंय. इंजिन थंड हाय तवर बंद, म्हंजे पाणी आतल्या आत फिरतं आन् इंजिन लवकर तापतं. पुरतं तापलं की दार उघडतं आन् पाणी रेडिएटरला जातं. तुमी दारच काढून टाकलं. बारा वर्षं पाणी निस्तं धावतंय, इंजिन तापणार कधी? त्या दिवशी गाडीत पाणी कमी असंल. तुमी शिक्षा भलत्यालाच दिली."

शिक्षा हा शब्द मला झोंबला. "म्हणजे गाडी तापत नाही हा आजार? आपा, डोकं तुमचं तापलंय!"

"वॉल कुठंय?"

"फेकला."

खोटं बोलले. वॉल कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या बाईसमोर अजून एकदा मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती. आपानं बोनेट लावून टाकलं. "या गाडीचा नवा मिळणं मुश्कील हाय. सापडला तर या. काटा मी बदलत न्हाई."

मी फणफणत ओंकारकडं गेले. तो खुशीत आला. "एवढंच ना बाई? साहेबाला काटा मध्ये दिसला म्हंजे झालं." डॅशबोर्डमागं हात घालून त्यानं काहीतरी इवलंसं जोडलं आणि दहा मिनिटांत काटा बरोबर मधोमध! धुरासाठी टाकीत ओतायचं एक औषधही दिलं. मी त्याला शाबासकी दिली. चौथीत दिली नव्हती ती तेव्हा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. अशी थंडी की बोनेटला हात लावला तर बोटं आखडली. आत बसून चावी अर्धी फिरवली. इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं, आणि काटा डौलात मध्यावर येऊन उभा! गाडी बर्फासारखी गार आणि काटा मला सांगतोय, छान तापलीय, चला. इंजिन सुरू केलं. आरशात बघितलं तर मागं काळा धूर, शेजारणीनं वाळत घातलेलं धुणं आत नेलं.

मला जो संताप आला! माझ्या पगाराची गाडी, माझ्या शेडमध्ये, आणि तिनं माझ्याच तोंडावर थाप मारावी? आणि ही थाप मीच विकत घेऊन आले होते. बत्तीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडली मी. डॅशबोर्डखाली हात घातला आणि ओंकारनं जोडलेलं ते कारटं वायरीसकट ओढून काढलं. काटा गपकन डावीकडं गेला. बारा वर्षं तो बिचारा हेच सांगत होता, आणि मी त्यालाच मिरवत होते.

मग घरात गेले आणि देवघरासमोर उभी राहिले. गणपतीपुढं माझं उदबत्तीचं घर आहे. पितळेचं, गोल, काठाला बारीक भोक, त्यात उदबत्तीची काडी अशी चपखल बसते की जणू त्यासाठीच पाडलंय. तोच तो वॉल. शिर्डीहून आल्यावर चिंचेनं घासला होता आणि देवापुढं ठेवला होता, टाकायला जीव झाला नाही म्हणून. बारा वर्षं रोज सकाळी त्यात उदबत्ती लावून मी देवाला म्हणत होते, गाडी नीट चालू दे.

वॉल उचलला, रुमालात गुंडाळला. स्वयंपाकघरातून एक बटाटा आणला, अर्धा कापून देवापुढं पालथा ठेवला आणि त्यात उदबत्त्या खोचल्या.

आपाच्या ओट्यावर पोचले तेव्हा ती नुकतीच टेबल मांडत होती. मी रुमाल तिच्यापुढं ठेवला. "फेकला नव्हता. खोटं बोलले. आणि काटा खरा होता, तेही कळलं." ओंकारचं कारटंही शेजारी ठेवलं. एका दमात सगळं सांगून टाकलं, दिवाळीतल्या माझ्या शब्दासकट. एकतीस तारखेच्या आत गाडी पास झाली नाही तर मला पुण्याला जावं लागणार, हेही सांगितलं.

आपानं वॉल नाकाशी धरला. "याला उदबत्तीचा वास येतोय."

मी तेही सांगितलं. तिनं चटका बसल्यासारखा तो रुमालावर परत ठेवला. "देवापुढली वस्तू हाय बाई ही. मी कशी घिऊ?"

"देवाचं मी बघते. तिथं बटाटा बसवलाय."

शमशेरभाईंच्या तोंडातला चहा पेपरवर उडाला. आपा हसायला लागली ती थांबेचना, चष्मा काढून डोळे पुसले. मग भोकात बसलेली राख तिनं सुईनं टोकरून काढली आणि फुली मारलेलं पातेलं मागवलं.

पाण्यात वॉल सोडला. मी आणि ती पातेल्यावर वाकून बसलो. पाणी कोमट झालं, कढत झालं, तळाला बुडबुडे धरले. वॉल ढिम्म. माझ्या मनात आलं, बारा वर्षं कोरडं बसलंय ते, मेलं असणार. मला एकदम पडद्यांची ती खोली दिसली. रडू येतंय असं वाटलं, आणि मी पदर तोंडाला लावला.

"गप बघा," आपा म्हणाली.

पाण्यावर वाफा आल्या आणि वॉलच्या मधली चकती हलली. आधी केसभर, मग बोटाच्या पेराएवढी. दार उघडलं! तिनं चिमट्यानं वॉल उचलून गार पाण्यात टाकला, तसं ते हळूहळू परत मिटलं. मी त्या बाईला तिथंच ओट्यावर मिठी मारली. चिमटा माझ्या पाठीत टोचला, तरी सोडलं नाही.

बसवायचं काम दोघींनी केलं. ती म्हणाली, "मी मीटरवाली. पाना तुमी धरा." मी धरला. सांध्यातून पाणी गळू नये म्हणून जाड कागदाची गॅस्केट तिनं कात्रीनं कापली, बोल्ट मी आवळले. रेडिएटरच्या जाळीतली धूळ धुऊन काढली, पाणी काठोकाठ भरलं. शमशेरभाईंनी प्लग घासून दिले, ऑईल बदललं. गाडी सुरू केली. पाच मिनिटं झाली, सात झाली. काटा हलला. डावी बाजू सोडून वर चढायला लागला. बारा वर्षांत त्याला स्वतःहून उठताना मी बघितलं नव्हतं. हात आपोआप गाडी बंद करायला चावीकडं गेला.

"बंद करू नका!" आपा ओरडली. "येऊ द्या त्याला वर."

काटा मध्यापाशी आला, थांबला आणि तिथंच राहिला. आपानं चोककडं बोट केलं. मी चिमटा काढला, चोक आत ढकलला. गाडी बंद पडली नाही. मागं जाऊन बघितलं तर धूर जवळजवळ दिसतच नव्हता. तरी पुढचे आठ दिवस मी रोज नगरला फेरी मारली, आतली सगळी ओल जळून जावी म्हणून.

अठ्ठावीस तारखेला पासिंगला आपाला बरोबर घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. म्हटलं, "साक्षीदार पाहिजे मला." साहेबांनी नळी घातली, आकडा बघितला, यंत्र परत लावलं. आकडा तोच, पण आता मर्यादेच्या आत. मग डॅशबोर्डकडं वाकले. "वा. मीटर नवा बसवला वाटतं?"

"न्हाई साहेब," आपा मागच्या सीटवरून म्हणाली. "मीटर खराब नव्हताच. बारा वर्षं खरंच सांगत हुता. आयकलं न्हाई कुणी."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? तुम्हीही मेलाच म्हणाला होतात." त्यांनी सही केली. पुढची पाच वर्षं गाडी माझी.

रविराजला मी काहीच कळवलं नव्हतं. ओंकारकडून त्याला फक्त नापास झाल्याचं आणि एकतीसच्या मुदतीचं कळलं होतं. एकतीस तारखेला सकाळी तो आला, हातात मोठी रिकामी बॅग. माझे कपडे भरायला. पाया पडायला देवघरापाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, हे काय? बटाट्यात उदबत्ती?"

"जुनं उदबत्तीचं घर कामावर गेलंय," म्हटलं आणि पासिंगचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. चेहरा पडला त्याचा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पोरगं वाईट नाही, त्याला काळजी आहे. पण त्याच्या काळजीपायी मी माझं घर सोडू का?

जेवण झाल्यावर म्हटलं, "चल, तुला पुण्याच्या गाडीला सोडते. वाटेत आपाला शेवग्याच्या शेंगा द्यायच्यात." त्यालाही ती बाई बघायची होती. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला आणि हळूच विषय काढला. "आपा, तुमचं आई ऐकते. तुम्ही तरी समजवा तिला. या वयात एकटी राहते, गाडी चालवते. काहीतरी करायला हवं ना?"

आपानं शेंगांची जुडी बाजूला ठेवली. "भाऊ, तुमच्या आईसाहेबात काय बिघडलंय?"

"बिघडलं असं नाही, पण..."

"जे बिघडलं न्हाई ते मी उघडत न्हाई," आपा म्हणाली. चष्मा नाकावर घेतला, भिंग ओढलं आणि कामाला लागली.

स्टँडपर्यंत रविराज माझ्या शेजारी बसला होता. काट्याकडं बघत होता. एकदा म्हणाला, "आई, तापतीय का गाडी?"

"तापतीय की. चालत्या गाडीनं तापायचंच असतं."

माळीवाडा स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. मी खाली उतरले, डिकी उघडली, त्याची बॅग त्याच्या हातात दिली. तिच्यात माझ्या कपड्यांऐवजी शेंगा भरल्या होत्या, सुनेसाठी.

"पुढच्या पासिंगला ये," म्हटलं. "दोन हजार तीस साली."